मोड आलेल्या नाचणीचे तयार पीठ : पाकिटातले आणि पाकिटावरचे

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरचे अन्न सुरू करायचे म्हटले की आपल्याकडे भाताची पेज आणि मुगाच्या डाळीचे खिमट यांच्याबरोबरीने नाचणीचे नाव निघतेच. ती घरी तयार करायला सवड नसलेल्या आईवडिलांसाठी आता अनेक गृहउद्योग आणि बचत गट मोड आणलेल्या नाचणीचे पीठ विकतात. आमच्या मुलीसाठी अशाच एका स्थानिक गृहउद्योगाचे पीठ आम्ही उष्टावणापासून वापरत आहोत. अर्ध्या किलोचे पाकीट २१० रुपयांना मिळते. साध्या नाचणीच्या पिठाशी तुलना केली तर ही किंमत बरीच आहे, पण आपण पैसे मोजतो ते मुख्यतः कष्टांचे. नाचणी निवडायची, खडे-माती जाईपर्यंत चार-पाच पाण्यांतून धुवायची, रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची, हलकी भाजायची आणि मग दळायची. त्यातच पावसाळा असेल तर पुरचुंडीला आंबूस वास यायला वेळ लागत नाही, आणि गिरणीत आपल्या आधी कोणाचे गहू दळले गेले याचीही चौकशी करावी लागते.

पीठ म्हणून माल उत्तम आहे. रंग फिकट तपकिरी, वास खमंग, चिमूटभर जिभेवर ठेवले तरी कचकच लागत नाही. दोन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवून मगच मंद आंचेवर ठेवावे. गरम पाण्यात टाकल्यास ज्या गुठळ्या होतात त्या नंतर कितीही घोटले तरी मोडत नाहीत. सतत ढवळत राहिले की पाच-सात मिनिटांत लापशीला चकाकी येते आणि कच्चा वास जातो. साध्या नाचणीची लापशी पाहता पाहता खळीसारखी घट्ट होते. ही तशी होत नाही, कारण मोड येताना धान्यातील विकरे पिष्टाचे काही प्रमाणात विघटन करतात. याचा फायदा असा की तेवढ्याच वाटीत थोडे अधिक पीठ मावते आणि इवल्याशा पोटात जाणाऱ्या प्रत्येक घासाला सत्त्व राहते. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही इतपत दाट लापशी असावी. पाण्यासारखी पातळ करून पाजण्यात काही अर्थ नाही.

पाकिटावर ‘नाचणी सत्त्व’ असे छापले आहे, ते मात्र बरोबर नाही. पारंपरिक सत्त्व म्हणजे मोड आलेली नाचणी ओली वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला साका वाळवून केलेला पदार्थ. तो पचायला हलका खरा, पण नाचणीतील कॅल्शियमचा मोठा वाटा कोंड्यात असतो आणि गाळताना त्यातील बराच चोथ्याबरोबर जातो. या पाकिटात आहे ते चाळलेले पीठ, आणि माझ्या मते तेच अधिक चांगले. मग तसे सांगण्यात संकोच कसला?

खरी तक्रार मागच्या बाजूच्या मजकुराबद्दल आहे. ‘कॅल्शियम व लोहाने परिपूर्ण’ हा दावा अर्धाच खरा आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, ही इतर तृणधान्यांच्या मानाने मोठीच गोष्ट. परंतु लोह चार-पाच मिलीग्रॅमच, आणि बाळाच्या एका वाटीत पीठ जाते पंधरा ग्रॅमच्या आसपास. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मजात लोहसाठा कमी होत जातो, तेव्हा केवळ नाचणीवर विसंबून चालत नाही. डाळी, हिरव्या भाज्या, अंडे, चालत असेल तर मासे-मटणही यथावकाश द्यावे लागते. पाककृतीत चवीसाठी साखर किंवा मध घालण्याची सूचना आहे, ती तर सरळ धोक्याची. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. शिवाय वेष्टनावर गुटगुटीत बाळाचे चित्र आहे. शिशुआहाराच्या वेष्टनावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, हे अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक ठळक छापणाऱ्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

बाळाचा अभिप्राय अर्थातच वेगळा. सुरुवातीला प्रत्येक घास जिभेने बाहेर ढकलला जाई, कारण चमच्यावरचे अन्न आत घेणे हेही शिकावे लागते. नंतर वाटी दिसताच हातपाय झाडून उत्साह व्यक्त होऊ लागला, भुवईपर्यंत लापशी माखू लागली, आणि वाटी रिकामी होण्याचे समाधान आम्हालाही कळले. मध्येच एखाद्या सकाळी कालपर्यंत आवडणारी तीच लापशी पाहून ओठ घट्ट मिटले जातात, आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘मोबाईल दाखव, दोन घास जातील’ असे सुचवतात. तोंड फिरवले की थांबावे, या मताशी मी ठाम आहे. उरलेली लापशी मोठ्यांनी खावी. चव बदलायला कुस्करलेले केळे, उकडलेले सफरचंद किंवा अर्धा चमचा तूप पुरते, साखरेची गरज पडत नाही. लाळेऱ्यावर सांडलेली लापशी मात्र लगेच धुवावी, कारण वाळली की ती गिलाव्यासारखी पक्की बसते आणि तिचा तपकिरी डाग सहज निघत नाही.

एक किलोच्या पाकिटावर थोडी सूट आहे, तरी ते घेऊ नये. पॅकिंगची तारीख पेनाने लिहिलेली असते, ‘किती दिवसांत वापरावे’ हे कुठेच नाही, आणि दमट हवेत अशा पिठाला जाळी धरते. अर्ध्या किलोचे घ्यावे, तारीख महिनाभराच्या आतली आहे ना ते दुकानातच पाहावे आणि घरी आणल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावे.