मर्लिन बर्ड आयडी: पहाटेचे आवाज ओळखायला कितपत कामाचं?

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं हे ॲप फुकट आहे, आणि एकदा आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचा पॅक उतरवून घेतला की पक्ष्यांचे आवाज ओळखायला नेट लागत नाही. ही सोय २०२१ मध्ये आली ती अमेरिका-कॅनडापुरती. आता आपल्याकडच्या पक्ष्यांनाही चालते. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या कॉलनीत राहून कान तयार करायचा असेल तर घ्यावंच. फक्त ॲप म्हणेल ती पूर्व दिशा, असं धरून चालू नये.

भारताचा पॅक वाय-फायवरच उतरवा, जड असतो. लोकेशन चालू ठेवा, कारण ठिकाण आणि तारीख पाहून ॲप तिथे कोणता पक्षी संभवतो हे ठरवतं. ते बंद असेल तर सह्याद्रीतला एखादा पक्षी तुमच्या कडुनिंबावर बसवून मोकळं होईल.

वेळ महत्त्वाची. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. दयाळ त्याच्या बराच आधी, अंधारातच सुरू होतो. उजाडलं की बुलबुल, शिंपी, साळुंक्या, चिमण्या, सातभाई एकदम तोंड उघडतात आणि ॲपची तारांबळ उडते. म्हणून उजाडण्याआधीचा पहिला अर्धा तास साधा.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून आणि कूलरपासून लांब उभे राहा. मार्चपासून घरोघरी कूलर लागतात. त्यांच्या घरघरीत खालच्या पट्टीतले आवाज बुडतात, आणि भारद्वाजाचा घुमणारा ‘हूप-हूप’ नेमका त्याच पट्टीत. कानाला तो स्पष्ट येतो, ॲप गप्प. बहुतेक मोबाईलचा माइक खालच्या कडेला असतो. ती कड पक्ष्याकडे करा, कव्हरने माइकचं भोक झाकलं जात नाही ना ते पाहा आणि बोटं हलवू नका. फोनवर घासलेलं बोट पक्ष्यापेक्षा मोठं ऐकू येतं.

ॲप आवाजाचं चित्र काढतं: आडवा वेळ, उभी पट्टी. खरी मजा त्या चित्रात आहे. तांबटाची ‘टुक टुक’ एका ओळीत सारख्या अंतरावर मांडलेल्या ठिपक्यांसारखी दिसते. कोकिळाच्या ‘कुहू’ची रेघ वर चढते आणि पुढची आणखी उंच जाते. पावशाचं ‘पेरते व्हा’ही असंच चढत जातं, पण त्याचे तुकडे वेगळे दिसतात. ऐकलेल्या पक्ष्यांची यादीही ॲप करतं; एखाद्याचा आवाज पुन्हा आला की यादीतलं त्याचं नाव उजळतं. नावावर टिचकी मारून नमुन्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि स्वतः ताडून बघायचं. हे न करता नुसती यादी वाचणाऱ्याला वर्षभरानंतरही शिंपी आणि राखी वटवट्या यांतला फरक कळणार नाही.

चुका कुठे होतात? नकलाकारांपाशी. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. यादीत शिक्रा आला म्हणून आनंद मानण्याआधी विजेच्या तारेवर काळा दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी बसलाय का ते बघा. दयाळही दुसऱ्यांचे तुकडे आपल्या गाण्यात गुंफतो. कोकिळेची मादी ‘किक-किक-किक’ करते, तिचा नराच्या गाण्याशी काही संबंध लागत नाही. तिथे नवख्या माणसापेक्षा ॲप बरं. एकच, अर्धवट ‘चिक’ ऐकून दाखवलेल्या नावावर मात्र विश्वास ठेवू नका. तेच नाव दोन-तीनदा उजळलं आणि तुमच्या कानालाही पटलं, तरच ते वहीत जावं. ई-बर्डवर, म्हणजे पक्षी पाहणाऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर, नोंद टाकताना तर हे पथ्य पाळाच, कारण तिथला आकडा पुढे अभ्यासाला वापरला जातो.

नमुने ऐकायचे ते इअरफोन लावून. विणीच्या दिवसांत दयाळाच्या हद्दीत मोठ्याने त्याचंच गाणं वाजवलं की नर घरटं सोडून भांडायला येतो. पक्षी जवळ दिसावा म्हणून हे करणारे आहेत, आणि ते चूक आहे.

रेकॉर्डिंग फोनमध्येच साठतं, आणि फाईल दाबलेली नसल्याने जागा खातं. कामाचे तुकडे ठेवा, बाकी त्याच दिवशी पुसा. ठेवलेल्याला पक्ष्याचं नाव, जागा आणि झाड लिहून ठेवा. नुसत्या तारखेच्या फाईली पावसाळ्यापर्यंत कुणालाच ओळखू येत नाहीत.