दोन चिठ्ठ्यांची वादसभा

विद्यापीठाच्या विचार महोत्सवाला दोन्ही दिवस हजर होते. जावं का, असं विचारणाऱ्यांना सांगेन: वादसभेसाठी नक्की जा, व्याख्यानं निवडून ऐका.

वादसभेला दारातच दोन चिठ्ठ्या मिळाल्या, पांढरी आणि पिवळी. ठराव होता, 'परीक्षेत पुस्तक उघडून लिहू द्यावे'. पांढरीवर आधीचं मत, पिवळीवर वाद ऐकल्यानंतरचं. जी बाजू जास्त मतं वळवेल ती विजयी. मी पांढरीवर 'विरुद्ध' लिहिलं. इतकी वर्षं शिकवतेय, मत पक्कं होतं. मग ठरावाच्या बाजूनं एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिनं भौतिकशास्त्राचा एकच प्रश्न सावकाश वाचून दाखवला, पुस्तक पुढ्यात असलं तरी समजल्याशिवाय न सुटणारा. 'यात कॉपी कशाची करणार?' एवढंच विचारून ती खाली बसली. पिवळी चिठ्ठी मी बराच वेळ नुसती धरून होते. शेवटी 'बाजूने' लिहिलं.

मोजणीत एकूण मतं विरोधकांचीच जास्त भरली, पण वळलेली मतं तिच्या बाजूची होती. जिंकली ती बाजू, आणि मला ते अगदी रास्त वाटलं. इंग्लंडमधल्या केंब्रिज युनियन या विद्यार्थ्यांच्या वादमंडळातला १९६५ सालचा, अमेरिकी कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन आणि अमेरिकी पुराणमतवादी लेखक विल्यम बकली यांचा वंशभेदावरचा वाद आजही आवर्जून ऐकला जातो. बाल्डविन ५४४ विरुद्ध १६४ मतांनी जिंकले. पण त्यातले किती जण आत येतानाच त्यांच्या बाजूचे होते, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. दोन चिठ्ठ्यांत ते लगेच दिसतं.

व्याख्यानांची मात्र हळहळ वाटली. वक्ते अभ्यासू होते, विषय ताजे होते, पण वक्त्याच्या परिचयातच पंधरा मिनिटं जायची आणि कात्री लागायची ती प्रश्नोत्तरांना. हवामानबदलावरच्या सत्रात माझ्या शेजारच्या मुलानं वहीत तीन प्रश्न लिहून ठेवले होते. माईक एका ज्येष्ठ श्रोत्याकडे गेला, त्यांनी प्रश्नाऐवजी भाषणच केलं आणि वेळ संपली. मुलानं वही मिटली. सूत्रसंचालकानं तिथे थांबवायलाच हवं होतं.

आयोजकांना एकच विनंती: प्रश्नही चिठ्ठ्यांवर लिहून घ्या आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा वाचा. परिचय छापील पत्रकात दिला तरी पुरे.