गावच्या सांडपाण्याला काय बरं: कर्दळीचा वाफा की विजेची टाकी?

निफाड-दिंडोरीकडच्या गावांत न्हाणीघराचं, मोरीचं पाणी गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून गोदावरीला जातं. खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत) आलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. म्हणून हे पाणी गावातच निवळायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

पहिला मार्ग पाणवनस्पतींचा. आधी गाळ बसायला टाकी, मग खडी-वाळूचा वाफा आणि त्यात कर्दळ किंवा पाणकणीस. पाणी खडीखालून संथ सरकतं, साधारण दोन-तीन दिवस. खरं काम करतात ते खडीवर बुळबुळीत थर धरणारे जिवाणू. मुळं त्यांना आधार देतात, थोडा प्राणवायूही. उतार असेल तर वीज लागत नाही. जागा मात्र लागते, माणशी एक-दोन चौरस मीटर तरी, आणि गाळटाकी उपसली नाही की खडी तुंबते.

दुसरा मार्ग विजेच्या टाकीचा. तीत पाण्यात बुडवलेल्या लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून एकदिश (डीसी) वीजप्रवाह सोडतात. धातू विरघळून गुठळ्या होतात, त्यांत गढूळपणा, फॉस्फरस अडकतो. तासाभरात पाणी नितळ दिसतं. पण विरघळलेला अमोनिया बराचसा तसाच राहतो, पट्ट्या झिजतात, त्यांवर थर चढतो, धातूमिश्रित गाळ उरतो. लोडशेडिंग झालं की सगळं ठप्प.

गावठाणालगत गायरान असेल तर मी वाफाच निवडेन. जागा अपुरी असेल किंवा वायनरीचं (द्राक्षाची वाइन करणाऱ्या कारखान्याचं) गडद, आम्लधर्मी पाणी असेल, तर विजेची टाकी पुढे आणि वाफा मागे.