पोर्टेबल डीआर एक्स-रे मशीन: प्राण्यांच्या दवाखान्यात दहा महिने वापरल्यानंतर

तालुक्याच्या गावी माझा प्राण्यांचा दवाखाना आहे, निम्मी कुत्री-मांजरं आणि निम्म्या शेळ्या, वासरं, गाई-म्हशी. दहा महिन्यांपूर्वी पोर्टेबल जनरेटर (एक्स-रे सोडणारं यंत्र) आणि १४ बाय १७ इंचाचं वायरलेस पॅनेल (फिल्मऐवजी फोटो टिपणारी पाटी) असा डीआर, म्हणजे डिजिटल रेडिओग्राफीचा सेट घेतला आणि तेव्हापासून डॉक्टर मित्रांचे फोन चालूच आहेत की घेऊ का, कसं आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव घेत नाही, जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू आहे.

आधी माझ्याकडे फिल्म होती. डार्करूम, डेव्हलपर, पावसाळ्यात न वाळणाऱ्या फिल्म्स, आणि एक व्ह्यू बिघडला की परत सगळं पहिल्यापासून. त्यामुळे व्हायचं काय, पाय मोडला की एक फोटो काढायचा, प्लास्टर किंवा पिन घालायची, आणि पुढे हाड जुळलं की नाही ते जनावर पाय टेकतंय का यावर ठरवायचं. मालकही म्हणायचे, "डॉक्टर, मागच्याच महिन्यात काढला की फोटो, आता परत कशाला?" आणि खर्च बघून मीही गप्प बसायचो. मला या मशीनचा खरा फायदा इथे झाला. पहिला फोटो काय, फिल्मवरही मोडलेलं हाड दिसतंच. दुसरा, तिसरा, चौथा फोटो आता मी त्याच पैशात काढून देतो, आणि हाड जुळताना काय बिघडतं ते या पुढच्या फोटोंतच कळतं.

पहिली केस सांगतो. एक पॉमेरेनियन, सोफ्यावरून उडी मारली आणि पुढच्या पायाची दोन्ही हाडं मनगटाच्या जरा वर मोडली. दुसरीकडे नुसती पट्टी बांधून सात आठवडे काढले होते, मग माझ्याकडे आली. दोन व्ह्यू काढले, एक बाजूने आणि एक समोरून, कोपर आणि मनगट दोन्ही फोटोत येतील असे. बाजूच्या व्ह्यूत हाड जवळजवळ सरळ दिसत होतं, समोरून बघितलं तर टोकं एकमेकांपासून सरकलेली, पेन्सिलीला टोक काढल्यासारखी निमुळती झालेली आणि कॅलसचा, म्हणजे जुळताना तयार होणाऱ्या नव्या हाडाचा पत्ता नाही. म्हणजे अॅट्रोफिक नॉनयुनियन, हाड जुळायचंच थांबलेलं. छोट्या जातींत त्या जागी रक्तपुरवठा मुळातच कमी, भोवती मांस जवळजवळ नाही, आणि पट्टीत हाड हलत राहतं, म्हणून नुसत्या पट्टीवर या जातींचं हे फ्रॅक्चर सोडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. टोकं साफ करून प्लेट घातली, खांद्याजवळच्या हाडातून ग्राफ्ट (हाडाचा भुगा) काढून भरला. चार आठवड्यांनी गॅप धूसर झालेला, नऊ आठवड्यांनी दोन्ही बाजूंचे कॉर्टेक्स (हाडाचा बाहेरचा कठीण थर) जुळत आलेले. तो नऊ आठवड्यांचा फोटो मी अजून मोबाईलमध्ये ठेवलाय.

इथे नव्या डॉक्टरांसाठी एक गोष्ट. पहिल्या आठ-दहा दिवसांत फ्रॅक्चरची रेष आधीपेक्षा रुंद आणि टोकं पुसट दिसतात, घाबरू नका, कडेचं मेलेलं हाड शरीर शोषून घेतं म्हणून तसं होतं. आणि घट्ट प्लेट असेल तर कॅलस दिसणारही नाही, रेष हळूहळू भरत जाते, तेच हवंय. उलट प्लेट असूनही पाचव्या-सहाव्या आठवड्यात भरघोस कॅलस आला तर कुठेतरी हलतंय असं समजून स्क्रू एकेक करून तपासा.

आता मशीनने मला कसं फसवलं ते. लॅब्राडोरच्या मांडीच्या हाडाला प्लेट, सहा आठवड्यांचा फोटो, आणि प्रत्येक स्क्रूभोवती काळी कड. स्क्रू सैल झालेत किंवा इन्फेक्शन आहे असंच वाटलं, मालकाला दुसऱ्या ऑपरेशनचं सांगायला तोंड उघडलं होतं. पण कुत्रं चारही पायांवर मस्त चालत होतं, सूज नाही, ताप नाही, दाबलं तर दुखत नाही. मग परत स्क्रीनवर बसलो तर सगळ्या स्क्रूंना अगदी सारखीच कड, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या शिशाच्या डाव्या-उजव्या मार्करलाही तीच! शिसं कुठे सैल होणार. सॉफ्टवेअर कडा उठावदार करायला जातं तेव्हा धातूभोवती हा खोटा काळा पट्टा तयार होतो, त्याला उबरश्विंगर म्हणतात. प्रोसेसिंग कमी केलं, कड गायब. कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं तर त्याने हे कधी ऐकलंच नव्हतं, याचा मला खरंच राग आला, कारण या एका सेटिंगमुळे एखाद्या चांगल्या पायावर विनाकारण चाकू चालेल. स्क्रू खराच सैल असेल तर कड कमी-जास्त रुंद असते, सहसा एखाद-दोन स्क्रूंनाच असते, पुढच्या फोटोत वाढते आणि जनावर दुखतंय हे दाखवतं.

पिल्लांच्या बाबतीत तर दुसरा फोटो न काढणं म्हणजे मी गुन्हाच मानायला लागलोय. चार महिन्यांचं जर्मन शेफर्डचं पिल्लू गाडीवरून पडलं, पुढचा पाय उचलून धरत होतं, फोटो एकदम स्वच्छ. पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडं शेजारी असतात. कुत्र्यांत अल्नाची खालची ग्रोथ प्लेट (हाड जिथून लांबीला वाढतं तो कूर्चेचा थर, फोटोत रेषेसारखा दिसतो) शंकूच्या आकाराची असते, धक्का कुठूनही बसला तरी ती चेपली जाते, आणि सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये ग्रोथ प्लेटच्या इजेचे जे पाच प्रकार सांगितले त्यातला हा पाचवा प्रकार पहिल्या दिवशी फोटोत दिसत नाही. मालकाला म्हटलं, पाय टेकायला लागलं तरी तीन आठवड्यांनी आणायचंच. आणलं. दोन्ही पाय शेजारी ठेवून फोटो काढले, दुखऱ्या पायात ती रेष बंद होत आलेली, अल्ना मागे पडलेली आणि रेडियस वाढतंय म्हणून धनुष्यासारखं वाकायला सुरुवात झालेली. लवकर सापडलं म्हणून अल्नाचा तुकडा काढून वाकणं बरंचसं थांबवता आलं. आणखी दोन महिने गेले असते तर मनगट बाहेर फिरलं असतं.

शेळीची केस थोडक्यात. मागचा पाय मोडलेला, घरी बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या, जखम उघडी. पहिल्या आठवड्यात पू येत होता पण फोटोत हाडावर काहीच नाही, कारण इन्फेक्शनचे बदल हाडावर दिसायला दहा-चौदा दिवस जातात. पाचव्या आठवड्यात मात्र मधोमध एक पांढराफटक, टोकदार तुकडा आणि त्याभोवती काळं वलय. मेलेलं हाड. ते काढेपर्यंत कितीही अँटिबायोटिक द्या, जखम वाहत राहणार. काढलं आणि महिन्याभरात जखम भरली.

आता तक्रारी. म्हशीच्या कमरेचा फोटो या जनरेटरवर येत नाही, नादच करू नका, गुडघ्याच्या खालचं उत्तम येतं. एप्रिल-मे मध्ये पॅनेल तापलं की कॅलिब्रेशन मागतं. वाय-फाय मध्येच तुटतं. पॅनेल जनावराच्या पायाखाली येऊ देऊ नका, मी जाड अॅक्रिलिकची पेटी करून घेतलीय. हाडाची लांबी-रुंदी स्क्रीनवर मोजून प्लेट निवडणार असाल तर हाडाच्या उंचीवर २५ मिलिमीटरचा स्टीलचा गोळा ठेवून मगच मोजा, नाहीतर फोटोत हाड खऱ्यापेक्षा मोठं दिसतं आणि माप चुकतं.

सगळ्यात लपलेली गोष्ट एक्स्पोजरची, म्हणजे फोटोसाठी किती किरण सोडतो त्याची. फिल्म जास्त झाली की काळी पडायची, लगेच कळायचं. इथे सॉफ्टवेअर सगळं सुंदर करून दाखवतं, मग हात नकळत वर वर सरकतो आणि डोस आपण आणि हेल्पर खातो. मी पहिले तीन महिने तेच केलं. आता सेंटिमीटरमध्ये जाडी मोजून तक्ता भिंतीवर लावलाय आणि एक्स्पोजर इंडेक्स (पॅनेलवर किती किरण पडले ते सांगणारा स्क्रीनवरचा आकडा) प्रत्येक फोटोला बघतो. हातात मशीन धरून फोटो काढू नका, स्टँड घ्या. शिशाचा एप्रन, गळ्याची कॉलर आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरची प्रक्रिया, यात चालढकल नको. शक्यतो जनावराला झोपवून आपण लांब उभं राहावं, अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, आणि झोपलेल्या जनावराचं पोझिशनिंगही सरळ येतं.

घ्यायचं ठरवलंत तर डेमोला आलेल्या माणसाकडून धडधाकट कुत्र्याच्या छातीचा फोटो काढून घेऊ नका, तो कुठल्याही पॅनेलवर चांगलाच दिसतो. प्लेट घातलेला पाय द्या आणि स्क्रूभोवती काय दिसतंय ते विचारा. तसं कुत्रं जवळ नसेल तर मला फोन करा, माझ्याकडे सध्या तीन आहेत.