परत आलेला कॅमेरा माझा नव्हता

ऑनलाइन लिलावात घरातील जुन्या वस्तू विकणाऱ्यांना सावधगिरीच्या ज्या सूचना दिल्या जातात, त्या बहुतेक पैसे हाती येईपर्यंतच्या टप्प्याविषयी असतात. पैसे जमा झाल्याचा बनावट ईमेल ओळखावा, संकेतस्थळाबाहेर व्यवहार करू नये, ‘चुकून जास्त रक्कम गेली, फरक परत पाठवा’ म्हणणाऱ्याला दाद देऊ नये. या सूचना योग्यच आहेत आणि मी त्या सर्व पाळल्या होत्या. माझी फसवणूक त्यानंतर झाली. लिलाव संपला होता, रक्कम जमा झाली होती, पार्सल पोहोचल्याची नोंदही झाली होती. या टप्प्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अडगळ कमी करायला घेतली तेव्हा, जे कोणाच्याही उपयोगी पडेल ते देऊन टाकायचे आणि ज्याची कदर जाणकारच करील ते लिलावात ठेवायचे, असे ठरवले होते. लिलावात ठेवायच्या वस्तूंमध्ये निकॉनचा एफएम२ हा फिल्मवर चालणारा कॅमेरा होता. हे मॉडेल १९८२ साली बाजारात आले. त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असून बॅटरी केवळ प्रकाशमापकाला लागते, त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही सुस्थितीतील नगाला चांगली मागणी असते. सुरुवातीच्या नगांमध्ये शटरची पाती टायटॅनियमची असून त्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी असते. पुढे साध्या, गुळगुळीत ॲल्युमिनियमची पाती बसवली जाऊ लागली. माझा नग नक्षीच्या पात्यांचा होता आणि जाहिरातीत मी ते नमूद करून, मागच्या बाजूला कोरलेल्या अनुक्रमांकासह छायाचित्रे दिली होती.

लिलाव चालू असताना जे घडले ते नेहमीचेच होते. एकाने मुदतीआधी लिलाव बंद करून थेट विकण्याची गळ घातली, दुसऱ्याने पार्सल वेगळ्याच पत्त्यावर पाठवाल का असे विचारले. दोघांनाही नकार दिला, कारण नोंदवलेला पत्ता सोडून अन्यत्र पाठवलेल्या वस्तूला संकेतस्थळ विक्रेत्याला देते ते संरक्षण सहसा लागू होत नाही. शेवटच्या टप्प्यात एक अवाजवी मोठी बोली अचानक मागे घेतली गेली, तेव्हा मात्र मी सावध झाले. अशा लिलावात जिंकणाऱ्याला आपली कमाल बोली भरावी लागत नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी वरची रक्कम द्यावी लागते. त्याचा फायदा घेऊन काही जण जोडीने काम करतात. एक जण अगदी कमी बोली लावतो, दुसरा लगेच भलतीच मोठी लावून इतरांना पळवून लावतो आणि अखेरच्या क्षणी ती मागे घेतो, की वस्तू पहिल्याच्या पदरात स्वस्तात पडते. माझ्या लिलावात इतर बोलीदार टिकून राहिल्यामुळे हा डाव साधला नाही आणि कॅमेऱ्याला रास्त भाव आला.

ज्याने तो जिंकला, त्याने पैसे तत्परतेने भरले. पार्सल पोहोचले, परतीची मुदत संपत आली आणि तेवढ्यात ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार दाखल झाली. चोराच्या उलट्या बोंबा आपण ऐकून असतो, पण या माणसाने बोंब मुळीच मारली नाही. वाहतुकीत काही झाले असावे, तुमचा दोष नसेलही, परंतु फिल्म पुढे सरकवण्याची तरफ अडकली आहे आणि लेन्सला आतून बुरशी आहे, असे त्याने अतिशय सौजन्याने लिहिले होते. मी अनुक्रमांकाचे छायाचित्र मागितले. त्याचे उत्तर आले नाही, परतीची औपचारिक मागणी मात्र आली. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने केलेली परतीची मागणी, विक्रेत्याने ‘परत घेतली जाणार नाही’ असे जाहिरातीत लिहिले असले तरी, अनेक संकेतस्थळांवर स्वीकारावीच लागते आणि तिचा वाहतूक खर्चही विक्रेत्यावरच पडतो.

खोके परत आले ते माझेच होते. कडांना लावलेली चिकटपट्टी नीट कापून पुन्हा चिकटवलेली होती, आतला बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद माझा होता आणि मी आभारादाखल ठेवलेली चिठ्ठीसुद्धा जागच्या जागी होती. कॅमेरा तेवढा माझा नव्हता. मागच्या बाजूच्या अनुक्रमांकातले ‘एन’ हे अक्षर माझ्या कॅमेऱ्यावरही होते, पण त्यापुढचे आकडे निराळे होते. पाठीचे झाकण उघडले तर आत गुळगुळीत, राखाडी पाती होती, त्यांपैकी एकाचा कोपरा वाकलेला होता. प्रकाश आत शिरू नये म्हणून झाकणाच्या खाचेत बसवलेला स्पंज वितळून काळा, चिकट झाला होता आणि तो बोटांना लागला. माझ्या कॅमेऱ्याचा हा स्पंज मी विक्रीपूर्वी बदलून घेतला होता. लेन्सवरचा क्रमांकही जुळत नव्हता, आणि समोरच्या काचेमागे बुरशीचे पांढरे तंतू कडेपासून मध्याकडे सरकलेले स्पष्ट दिसत होते.

मी त्याच दिवशी आक्षेप नोंदवला आणि दोन्ही क्रमांकांची छायाचित्रे शेजारीशेजारी लावून पाठवली. संकेतस्थळाचा निर्णय माझ्या विरोधात गेला. कारण असे दिले, की जाहिरातीतील छायाचित्रांवरून त्या क्रमांकाचा कॅमेरा माझ्याजवळ होता एवढेच सिद्ध होते, तोच कॅमेरा खोक्यात घातला होता हे सिद्ध होत नाही. परतीचे पार्सल मला पोहोचल्याची कुरिअरची नोंद मात्र निर्विवाद होती. रक्कम खरेदीदाराकडे गेली, कॅमेराही त्याच्याकडेच राहिला. हे उत्तर वाचून संताप झाला, तरी त्यातील तर्क मला खोडता आला नाही. संकेतस्थळाला खोक्याचा प्रवास दिसतो, खोक्याच्या आत काय आहे ते दिसत नाही, आणि बदलाबदली करणारा नेमक्या याच आंधळ्या जागेवर आपला धंदा उभारतो.

हा धंदा अगदी साधा आहे. त्याच मॉडेलचा बिघडलेला नग ‘सुट्या भागांसाठी’ म्हणून क्षुल्लक किमतीला मिळतो. तो घ्यायचा, मग चालू स्थितीतील नग लिलावात जिंकायचा आणि बिघडलेला परत करायचा. कॅमेऱ्यांप्रमाणे फोन, हेडफोन, संगणकाचे भाग, घड्याळे, म्हणजे ज्या वस्तूंचे हुबेहूब जोड मिळतात, त्या सगळ्यांत हे चालते. व्यापारी विक्रेत्यापेक्षा घर आवरणारा माणूस यात सहज सापडतो. त्याच्याकडे प्रत्येक वस्तू एकच असते, नोंदी ठेवण्याची सवय त्याला नसते आणि वस्तू एकदाची घराबाहेर जावी याची घाई असते.

खरेदीदाराचा पूर्वेतिहास पाहावा, असा सल्ला हमखास मिळतो. मला तो फारसा कामाचा वाटत नाही. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने २००८ साली विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी नकारात्मक अभिप्राय देण्याची सोय बंद केली. त्यामागचे कारण खरे होते, कारण तक्रार करणाऱ्या ग्राहकाला सूड म्हणून वाईट अभिप्राय देणारे विक्रेते होतेच. परंतु जेथे असा नियम आहे, तेथे खरेदीदाराच्या नावापुढे दिसणाऱ्या निष्कलंक अभिप्रायावरून फारसे काही कळत नाही.

आता मी कोणतीही मौल्यवान वस्तू पाठवताना एकसलग व्हिडिओ घेते. त्यात प्रथम क्रमांक, मग वस्तू चालत असल्याचे दृश्य, मग ती खोक्यात जाताना, चिकटपट्टी आणि पत्त्याची पट्टी लागताना, असे सर्व एकाच चित्रणात येते, मध्ये कोठेही तुकडा पडू देत नाही. यामुळे निकाल आपल्या बाजूने लागेलच असे नाही, पण ‘तोच कॅमेरा खोक्यात होता का’ या प्रश्नाला काही उत्तर तरी असते. परतीचे पार्सलही मी तशाच चित्रणात उघडते. कुरिअरच्या पावतीवरील वजन जपून ठेवावे असे सांगतात. ‘खोके रिकामे निघाले’ अशा खोट्या तक्रारीत त्याचा खरोखर उपयोग होतो, मात्र त्याच मॉडेलचा दुसरा नग आत घातला असेल तर वजन जुळतेच, आणि माझ्या प्रकरणात ते जुळले होते. फाटल्याशिवाय न निघणारे छोटे सीलचे स्टिकर तळाच्या एखाद्या स्क्रूवर लावून ते जाहिरातीत दाखवणेही चांगले. परत आलेल्या वस्तूवर स्टिकर नाही म्हणून संकेतस्थळ परतीची मागणी नाकारील असे मुळीच नाही, पण ठकाला बदलाबदलीसाठी दुसरा, कमी त्रासाचा विक्रेता शोधावासा वाटतो.

‘मग समोरासमोरच द्यावी’ असे सुचवणाऱ्यांनीही जपावे. पैसे कार्डाने किंवा संकेतस्थळामार्फत आले असतील आणि वस्तू हातोहात दिली असेल, तर पोहोचल्याची कुरिअर-नोंद नसते आणि ‘मिळालीच नाही’ या तक्रारीपुढे आपण रिकाम्या हाताने उभे राहतो. वस्तू देताना खरेदीदाराकडून घ्यायचा सांकेतिक क्रमांक ज्या संकेतस्थळावर असतो, तेथे तो घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नये.

पैसे खात्यात दिसले म्हणजे ते आपले झाले असेही नाही. परतीची मुदत संपल्यानंतरही कार्डधारक आपल्या बँकेमार्फत व्यवहार उलटवण्याची मागणी करू शकतो, आणि व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांत अनेक प्रकारच्या तक्रारींसाठी ही मुदत १२० दिवसांपर्यंत असते. तेवढे दिवस व्हिडिओ, पावत्या, खरेदीदाराशी झालेला सर्व संवाद आणि परत आलेली वस्तू, ती कितीही टाकाऊ असली तरी, टाकून देऊ नये.