हार्मोनियमच्या कारागिराकडे वुर्लिट्झर: तीन फाटक्या सुरांची दुरुस्ती

१९७४ साली बाजारात आलेल्या वुर्लिट्झर २००-ए या जातीचा जुना इलेक्ट्रिक पियानो माझ्याकडे आहे आणि गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या मधल्या सप्तकातील तीन सूर जोरात वाजवले की फाटत असत. सोलापुरात या वाद्याचा जाणकार मिळणे कठीण, म्हणून नवी पेठेजवळच्या एका गल्लीत हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, काहीशा नाइलाजानेच, मी ते घेऊन गेलो.

निर्णय चुकला नाही, कारण या पियानोत तारा नसून ६४ पोलादी सूर, म्हणजे थरथरून आवाज देणारी पातळ पाती (रीड), असतात. हार्मोनियमचा सूर हवेने बोलतो, तर येथे त्यावर हातोडी पडते आणि शेजारच्या पिकअपच्या, म्हणजे थरथर टिपून तिचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाच्या, खाचेत तो थरथरतो. मी मात्र आधीच अँप्लिफायरला दोष देऊन मोकळा झालो होतो. “मालक, अँप्लिफायर बिघडला असता तर चौसष्टही सूर फाटले असते,” एवढेच कारागीर म्हणाले आणि त्यांनी हेडफोन लावून तेच तीन सूर पुन्हा वाजवून पाहिले. तेथेही आवाज फाटला, म्हणजे स्पीकरही निर्दोष ठरला.

झाकण काढण्यापूर्वी प्लग काढून बराच वेळ थांबावे, हे मला आग्रहाने सांगावे लागले, कारण पिकअपवर सुमारे १५० व्होल्ट डीसी दाब असतो आणि हार्मोनियमवाल्याला त्याची सवय नसते. भिंग धरल्यावर पहिल्या सुराचा दोष लगेच दिसला: तो खाचेच्या मधोमध नसून एका बाजूला सरकला होता व जोराचा ठोका बसताच पिकअपच्या दाताला घासत होता. स्क्रू सैल करून, सूर केसभर सरकवून, त्यांनी तो पुन्हा घट्ट आवळला. दुसऱ्या सुराच्या खाचेत डाखाचा (सोल्डरचा) बारीक कीस अडकला होता. सुराच्या टोकावरील डाख कानशीने घासला की सूर चढतो, वाढवला की उतरतो, आणि हा कीस मी स्वतः पूर्वी केलेल्या अशाच उद्योगाचा होता. ब्रशने तो निघताच चरचर थांबली.

तिसऱ्या सुराला मुळाशी केसासारखी चीर होती. त्यामुळे तो उतरला होता आणि कितीही जुळवला तरी टिकत नव्हता. अशा सुराला डाख देण्यात अर्थ नाही, तो बदलावाच लागतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले व त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. उरलेल्या दोन सुरांची मजुरी आठशे रुपये झाली, ती मला वाजवी वाटते.

उणिवाही आहेत. दोन दिवसांचे काम अकरा दिवस चालले, दुकानात विजेच्या मोजमापाचे एकही साधन नाही, आणि ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मला घरून न्यावा लागला. जुने कपॅसिटर बदलायचे असतील, तर येथे जाऊ नये.

चिरलेला सूर त्यांनी काडेपेटीत घालून, वर पेन्सिलीने पट्टीचा क्रमांक ३३ लिहून मला परत दिला आहे. नवा सूर परदेशातून मागवला असून तो येईपर्यंत मी ती पट्टी टाळून वाजवतो.