स्टॅटिस्टिक्सला जोडून आलेला सपोर्ट क्लास : सेमिस्टरभर वापरून

गणित कच्चं असलेल्यांना स्टॅटिस्टिक्सच्या जोडीला देतात त्या सपोर्ट क्लासचे पैसे वसूल झाले का, असं दोघी-तिघींनी विचारलं म्हणून लिहायला घेतलं. खरं कारण म्हणजे डोकं फिरलंय. आठवड्याला एक तास ट्यूटरिंग सेंटरमध्ये बसायची अट आहे. आत जाताना कार्ड स्वाइप करायचं. मी इमानेइतबारे बसले आणि पोर्टलवर माझे तास शून्य. ऑफिस म्हणतं, बाहेर पडतानाही स्वाइप करावं लागतं, नाहीतर तास धरत नाहीत. हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. बाईंना मेल केला तर 'ऑफिसला विचारा', ऑफिसला केला तर 'बाईंना विचारा'. शेवटी सेंटरमधल्या एका ट्यूटर पोराने स्वतःसाठी टिपून ठेवलेली नावं दाखवली, तेव्हा कुठे तास जमा झाले. वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या क्लासची ही तऱ्हा! कॉलेजचं नाव लिहीत नाही, अजून वर्षभर तिथेच काढायचंय.

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं) शिकणाऱ्यांना बाकीचं माहीत आहेच. पूर्वी गणित कच्चं निघालं की अंकगणित, प्री-अल्जिब्रा, एलिमेंटरी, इंटरमीजिएट अशी उतरंड चढावी लागायची आणि मधेच कितीतरी जण गळायचे. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने ते बंद करत आणलं. विद्यार्थ्याचं ट्रान्सफरच्या दर्जाचं, म्हणजे युनिव्हर्सिटीत धरलं जाणारं गणित वर्षभरात पूर्ण व्हायची शक्यता जास्तीत जास्त राहील असं कॉलेजने बघायचं. म्हणून आता थेट स्टॅटिस्टिक्सला बसवतात आणि जोडीला हा क्लास देतात. त्यात अर्धा वेळ अपूर्णांक, टक्केवारी, संख्यारेषा अशी डागडुजी आणि अर्धा वेळ अभ्यास कसा करावा. टेनेसीच्या कम्युनिटी कॉलेजांनी २०१५ पासूनच हे राज्यभर लावलं होतं.

माझी बारावी सांगलीची, कॉमर्सची, आणि वीसेक वर्षांपूर्वीची. इथला हायस्कूलचा जीपीए (मार्कांची सरासरी) नाही म्हणून प्रश्नावली भरून स्वतःच ठरवा म्हणाले. मी मार्कशीट नेली होती, प्लॅस्टिकच्या फोल्डरसकट. काउन्सेलरने ती न वाचताच माझ्याकडे सरकवली आणि 'सपोर्ट घेतलेलाच बरा' म्हणून हा क्लास गळ्यात मारला. फी युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर, दोन युनिटांचे ९२. वर ही दोन युनिटं युनिव्हर्सिटीत धरत नाहीत. इंडियन स्टोअरमधला आठवड्याचा किराणा येतो की हो तेवढ्यात! पुस्तकाला मात्र एक सेंटही गेला नाही. ओपनस्टॅक्स ह्या प्रकाशनाचं आहे, इथल्याच क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजच्या दोन प्राध्यापिकांनी लिहिलेलं, नेटवर फुकट. हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा त्या कॉलेजला मनातल्या मनात नमस्कार केला.

आता बाइंडर. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. तीन रिंगांचा बाइंडर पाहिजे, त्यात पाच रंगीत डिव्हायडर, पुढे अनुक्रमणिका, प्रत्येक पानावर तारीख आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात पान नंबर. ह्याला मार्क. मी घरातली पाठकोरी कागदं भोकं पाडून लावली होती, मुलाच्या शाळेतून येणाऱ्या असंख्य सूचनांची. मागची बाजू स्वच्छ, कोरी करकरीत. बाईंनी मार्क कापले, कारण पान उलटलं की पिझ्झा पार्टीची सूचना दिसते. डिव्हायडर मी विकत न घेता कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचे कापून केले, त्यांना मात्र चकार शब्द नाही. म्हणजे नियम नक्की कशाचा? आपण बारावीपर्यंत फेअर वही, रफ वही, जर्नल, समास, तांबड्या पेनाने अधोरेखन हे सगळं करूनच आलो. वही देखणी असली म्हणजे डोक्यात शिरलं असं नसतं, हे महाराष्ट्र बोर्डाच्या पोरांना कुणी सांगायला नको. आणि पंचिंग मशीन वर्गात एकच, तेही दोनच भोकं पाडणारं. बाइंडरला रिंगा तीन!

पहिले काही आठवडे बाकीचा माल पण तसाच होता. तुम्ही बघून शिकता, ऐकून शिकता की हात लावून, ह्याची प्रश्नावली. ह्या लर्निंग स्टाइलच्या कल्पनेला पुरेसा आधार नाही, असं मानसशास्त्रज्ञांच्या आढाव्याने २००८ मध्येच सांगितलंय. आठवड्याचं वेळापत्रक रंगवून आणा, हा पुढचा गृहपाठ. माझं वेळापत्रक सासूबाईंच्या डायलिसिसवर ठरतं, त्याला कुठला रंग देऊ?

इथपर्यंतचं मिडटर्मच्या आधी लिहून ठेवलं होतं आणि दोन स्टार देऊन मोकळी होणार होते. पुढचं आता डिसेंबरमध्ये, रिझल्ट हातात आल्यावर लिहितेय.

पहिल्या परीक्षेचा पेपर परत मिळाला आणि सपोर्ट क्लासमध्ये बाईंनी एक तक्ता दिला. प्रश्न नंबर, किती मार्क गेले, का गेले, आणि आता कसं लिहाल. 'का' च्या रकान्यात 'गणित कच्चं' लिहायला बंदी. संकल्पना कळली नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली की वेळ संपला, ह्यातलं एक निवडायचंच. मी भरला आणि बघतच राहिले. संकल्पनेत गेलेले मार्क अगदी किरकोळ. बहुतेक गेले होते 'ॲट लीस्ट' आणि 'मोर दॅन' वर. दहापैकी किमान तीन गिऱ्हाईकं परत येण्याची शक्यता काढायची असेल, तर कॅल्क्युलेटर फक्त अमुक आकड्यापर्यंतची बेरीज देतो. म्हणून दोनपर्यंतची काढून एकातून वजा करायची. मी प्रत्येक ठिकाणी तीनपर्यंतची वजा केलेली. म्हणजे तीन गिऱ्हाईकंवाली शक्यताच उडाली. एकच चूक, चार प्रश्नांत.

दुसऱ्या पेपरानंतर शेजारच्या मुलाच्या तक्त्यातली गंमत. कॅल्क्युलेटरवर ३.२ई−४ दिसलं, त्याने पी-व्हॅल्यू ३.२ लिहिली. ते खरं तर ०.०००३२. पी-व्हॅल्यू म्हणजे शक्यता, ती एकाच्या वर जाणारच कशी? पण त्याने ३.२ हे ०.०५ ह्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठं म्हणून निष्कर्षही उलटा काढला आणि सगळा प्रश्न गेला. बाईंनी लगेच तिथेच दहाचे ऋण घात घेतले, दहा मिनिटांत. हेच दहाचे घात स्वतंत्र महिनाभर शिकवले असते तर कुणी जागं राहिलं नसतं.

आणि मला वाटतं सगळी मेख इथे आहे. 'अभ्यास कसा करावा' हे नुसतं सांगितलं तर ते सुविचाराच्या फळ्यासारखं, येता-जाता वाचायचं आणि विसरायचं. कालच्या पेपरातल्या माझ्याच चुकीवर बोट ठेवून सांगितलं की लागतं. आमच्या नशिबाने दोन्ही वर्गांना बाई एकच होत्या, तास लागोपाठ. माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात सपोर्टला वेगळे सर आहेत, त्यांना गणिताच्या वर्गात काय चाललंय ह्याचा पत्ता नसतो. ती बिचारी अजून वेळापत्रकच रंगवतेय.

दुसरी कामाची गोष्ट मिसळलेला सराव. आपली सवय अपेक्षित सोडवायची : एका प्रकारची वीस गणितं, मग दुसऱ्या प्रकारची वीस. बाई मुद्दाम सगळे प्रकार कालवून द्यायच्या. प्रमाणाची चाचणी, सरासरीची टी-चाचणी, काय-स्क्वेअर, वर मथळा नाही. कुठली लावायची तेच आधी ओळखा. सुरुवातीला भयंकर चुकायचं आणि चिडचिड व्हायची. पण परीक्षेत तरी मथळा कोण देतं? सराव चुकत-माकत होतो पण नंतरच्या परीक्षेत तोच पुढे नेतो, असं रोहरर आणि टेलर ह्यांच्या २००७ च्या प्रयोगातही दिसलंय. उलट हायलायटर फिरवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात तळाला गेलं, आणि स्वतःची परीक्षा घेणं व थोडं थोडं करून सराव करणं वर. माझे तीन रंगांचे हायलायटर मुलाला दिले.

वर्गात एक विद्यार्थी-ट्यूटर बसायचा, हाच विषय आधी पास झालेला. आधी वाटलं पोरगा फुकटचा पगार घेतो. तासांच्या भानगडीत तोच कामी आला, आणि बाईंना विचारायची लाज वाटणारे प्रश्न त्याला बिनदिक्कत विचारता आले. ही पद्धत १९७३ मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीच्या शाखेत सुरू झाली म्हणे. ज्याने केली त्याचं भलं होवो.

स्टॅटिस्टिक्समध्ये बी आलं. ९२ डॉलर वसूल झाले, कुरकुरत का होईना मान्य. नापास होऊन चार युनिटं पुन्हा घेतली असती तर १८४ गेले असते. चार स्टार देते. पाचवा बाइंडरने खाल्ला, आणि तो मी परत देणार नाही.

घेणार असाल तर नाव नोंदवण्याआधी दोन्ही वर्गांना शिकवणारी व्यक्ती एकच आहे का ते बघा. वेगळी असली तर दुसरा सेक्शन शोधा, वेळ गैरसोयीची असली तरी चालेल. सेंटरमधून निघताना कार्ड स्वाइप करा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. आणि ग्राफिंग कॅल्क्युलेटर विकत घेऊ नका, शंभर डॉलरच्या वर जातो. लायब्ररीत सेमिस्टरभरासाठी मिळतो, फक्त पहिल्याच दिवशी जा, नंतर शिल्लक राहत नाहीत.